हिरव्या रेघेसाठी दोन ढेपा गूळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो! मी सांगायला लागले की मध्ये कोणी खिदळलेलं मला चालत नाही. फजिती माझी आहे, ती मीच सांगणार, आणि कुठे हसायचं तेही मीच सांगणार. चहा गार होतोय, घ्या.

मी सिंधू. माहेर बेलापूर, सासर राहात्याच्या अलीकडे. शिक्षण चौथी. पण तोंड मात्र एम.ए. झालेलं आहे, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. त्यांचं शिक्षण बारावी आहे आणि पाण्याची मोटार बंद पडली की हाक मलाच मारतात.

गेल्या डोंगळ्याच्या दिवसांतली गोष्ट. आता तुमच्यात कोणी शहरातली असेल तर डोंगळे सांगावे लागतील. कांदा खायला नाही, बियाला ठेवायचा असला की तोच कांदा पुन्हा जमिनीत लावतात. त्याला कमरेएवढा दांडा येतो आणि दांड्याच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा चेंडू. त्या फुलांवर माशी फिरली तर आत काळं बी भरतं. नाही फिरली तर चेंडू पोकळ! माशी म्हणजे मधमाशी हो. घरातली नव्हे.

तर आमचे डोंगळे, आणि डोंगळ्याच्या कडेला आमचा बांध. बांध कसला, जंगलच. रुई, तरवड, घाणेरी, दोन बोरी, एकदांडी, आघाडा, सगळं माजलेलं. माझे गुडघे दुखायला लागल्यापासून मी तिकडे विळा लावला नाही, हे खरं कारण. पण लोकांनी विचारलं की मी सांगायची, "माझा बांध हाय, मी ठेवीन न्हाई तर जाळीन."

बांधाच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ शकू. तिचेही डोंगळेच. पण तिच्या बाजूचा बांध दरवर्षी जाळलेला, खरडलेला, त्यावर पापड वाळत घाला. रोज येता-जाता मला टोमणा.

"अक्का, तुमच्या बांधातून येखाद्या दिशी वाघ निघंल बरं का!"

"निघू दे. पयला तुझ्याकडंच धाडते."

असं आमचं प्रेम.

आणि मग एक दिवस अपर्णा आली. पुण्याच्या कॉलेजातली पोरगी. अंगाने काडी, डोक्यावर टोपी, पाठीवर तिच्यापेक्षा जड पिशवी. आली ती सरळ माझ्या बांधापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ही पण आता नाव ठेवणार. मी कमरेला पदर खोचला.

तर पोरगी म्हणते काय, "मावशी, किती सुंदर बांध राखलाय तुम्ही!"

सुंदर! राखलाय! लग्न होऊन आल्यापासून माझ्या कुठल्या गोष्टीला कोणी सुंदर म्हटलेलं मला आठवत नाही. त्या क्षणी मी त्या पोरीची झाले. शिर्डीत लॉजवर राहते म्हणाली. मी तिची पिशवी उचलली आणि आमच्या घरात नेऊन ठेवली. विचारलं-बिचारलं नाही.

तिचं काम काय होतं ते तिने मला पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून समजावलं. आणि चौथी पास बाईला समजेल असं समजावलं, हे मी मुद्दाम सांगते. शिकलेली माणसं बहुतेक आपल्याला समजू नये म्हणूनच बोलतात.

"मावशी, समजा पाच जाणकार माणसं आहेत. पाचही जणांना मी एकच माहिती दिली. ऊन किती, पाऊस किती, शेत केवढं, बांधावर काय काय आहे. आणि विचारलं, पुढे ऊन वाढलं, पाऊस बदलला, बांध गेले, तर तीस वर्षांनी इथे मधमाश्या किती राहतील आणि कांद्याचं बी किती भरेल?"

"मंग?"

"पाचही जणांनी पाच उत्तरं दिली."

"आमच्या ग्रामपंचायतीसारखंच की!"

हसली. म्हणाली, ही पाच माणसं नाहीत, कॉम्प्युटरातली पाच गणितं आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात. मग तिने लॅपटॉप उघडून पाच रेघा दाखवल्या. सगळ्या आजपासून निघून पुढे तीस वर्षं गेलेल्या. एक हिरवी रेघ, सगळ्यांच्या वरून, ताठ चाललेली. तीन मधल्या, जरा वर जरा खाली. आणि एक करडी, ती सुरुवातीपासूनच खाली आणि पुढे तर जिन्यावरून गडगडल्यासारखी.

"ह्यातलं खरं कोन?"

"तेच तर बघायचंय. उद्याचं आज कोणालाच मोजता येत नाही. पण आज इथे किती माश्या आहेत, हेसुद्धा प्रत्येकाने सांगितलंय. ते मी मोजून बघते. ज्याला आजचंच नीट सांगता येत नाही, त्याच्या उद्याच्या गोष्टीवर किती विसंबायचं?"

बघा! किती साधं! पाहुणा जेवायला बसला की आपण त्याच्या गप्पांवरून नाही, त्याच्या ताटावरून ओळखतो ना? तसंच. तीन वर्षं ती पोरगी अशी गावोगाव मोजत फिरली होती. आमचं गाव शेवटचं. इथलं मोजून झालं की तिचा प्रबंध पुरा.

इथपर्यंत मला सगळं समजलं होतं. इथेच मी उठून भाकरी टाकायला गेले असते तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात उतरली. हातात दोरी आणि खुंट्या. सहा चौकोन माझ्या डोंगळ्यात आखले, सहा शकूच्या डोंगळ्यात.

आता ऐका. आमच्याकडे माणूस दोरी घेऊन शेतात उतरला आणि चौकोन आखला की त्याचे दोनच अर्थ होतात. एक, पीक स्पर्धा. मग चौकोनातला आकडा जेवढा वर तेवढा चांगला. दोन, पीक विमा. मग आकडा जेवढा खाली तेवढा बरा. आमचे सासरे गव्हाच्या स्पर्धेत उतरायचे, तेव्हा चौकोन कुठे पडणार याचा सुगावा लागला की त्या तुकड्याला जावयासारखं जपायचे. तिसरा अर्थ आम्हाला कोणी शिकवलाच नाही!

म्हणून मी तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "पोरी, घरातलंच मानूस समज. खरं सांग. आकडा वर पायजे का खाली?"

ती म्हणाली, "मावशी, आकडा खरा पाहिजे."

मी म्हटलं, "व्हय व्हय." आणि डोळा मारला. अहो, सगळेच साहेब असंच म्हणतात! चौकोनाजवळ उभा राहून "खोटा पाहिजे" असं कोण म्हणेल? समजणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.

मग मी समजून घ्यायला लागले. तिची रेघ कुठली ते शोधायला पाहिजे होतं. तिची ओढणी हिरवी. पाण्याची बाटली हिरवी. मोबाईलचं कव्हर हिरवं. सांगा, रेघ कुठली? आणि ती हिरवी रेघच तेवढी आमच्या गावाबद्दल बरं बोलत होती. आमचा बांध सुंदर म्हणणारी पोरगी दुसरी कुठली रेघ काढेल? झालं. हिरवी रेघ अपर्णाची, आणि ती करडी कोणातरी जळक्या माणसाची, असं मी ठरवून टाकलं. त्या करडीचं नावच मी रडका ठेवलं.

आणि त्या पोरीचं काम बघून तर मला वाटायचं, हिचा पहिला नंबर नाही आला तर कोणाचा यायचा? उन्हं अंगावर आली की चौकोनापाशी बसायची. अशी बसायची की हलणं नाही, खाजवणं नाही. एकदा एक वेडा राघू, पोपट नव्हे, माशा खाणारा पक्षी, तिच्या शेजारच्या खुंटीवर येऊन बसला, माशी पकडली, खाल्ली, आणि गेला. तिने वहीत लिहिलं. मधमाश्यांतली आग्या कोणती, सातेरी कोणती, फुलोरी कोणती, नुसत्या उडण्यावरून सांगायची. बांधावरची एकेक वनस्पती मला विचारायची आणि मी सांगितलेलं नाव वहीत लिहायची, त्याच्यापुढे कंसात "सिंधूमावशी". माझं नाव पोरीच्या वहीत! सात-बाऱ्यावर सुद्धा नव्हतं हो इतकी वर्षं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने त्या रेघांच्या चित्रात आमच्या शेताचा ठिपका टाकला. मी मागे उभी, हाताला पीठ. ठिपका पडला कुठे? हिरव्या रेघेच्या हातभर खाली. त्या रडक्याच्या अगदी अंगाला चिकटून!

मी पिठाचा हात कपाळाला लावला. पोरीने मात्र वहीत आकडा लिहिला. शांतपणे "हं" म्हणाली. मला वाटलं, किती सोसते बिचारी!

मी म्हटलं, "त्या करड्या मेल्याचा मुडदा बशिवला! तू काळजी करू नको."

ती म्हणाली, "काळजी कशाची, मावशी? झोपा तुम्ही."

आता तुम्हाला गुळाचं सांगते. माशी कमी झाली की आमच्याकडे डोंगळ्यावर गुळाचं पाणी मारतात. वासाने माशी येते. आमच्याकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या आईच्या काळी नव्हतं हे. तेव्हा माशी बोलवावी लागत नव्हती. पण आता मारतो.

मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाठीवर पंप घेतला आणि सहाही चौकोनांवर गुळाचं पाणी मारून आले. त्या दिवशी ठिपका उठला आणि बरोबर हिरव्या रेघेवर जाऊन बसला.

"अरे!" अपर्णा म्हणाली.

"बघ!" मी म्हटलं. "म्हटलं हुतं ना?"

ती भुवया वर करून किती तरी वेळ वही बघत राहिली. मला वाटलं, आनंदाने.

त्यापुढच्या दिवशी मी गूळ वाढवला. सवयच ना! आमटी चांगली झाली म्हटलं की दुसऱ्या दिवशी मसाला वाढवायचा.

पण शकूच्या डोळ्याला काही चुकतं का? बांधावर उभी.

"अक्का, रोज पहाटं पंप कशाचा वो?"

"दशपर्णी अर्क हाय. किडीला."

शकूने काय करावं? वाकून डोंगळ्याच्या पातीवरून बोट फिरवलं आणि चाटलं.

"अगं बया! दशपर्णी ग्वाड कधीपासून लागाया लागली?"

आणि निघून गेली. मला वाटलं मिटलं. कसलं मिटतंय! तिला वाटलं, चौकोनांची स्पर्धा आहे आणि अक्का एकटीच नंबर काढणार. दुसऱ्या दिवशी तिने गुऱ्हाळावरून काकवीचा डबाच आणला. माझा गूळ, तिची काकवी! मी पंप मारून घरी वळले की ही तिच्या बाजूने सुरू. मी ते बघितलं आणि म्हटलं, अस्सं? दुसरी ढेप फोडली.

मग काय विचारता! आग्या आल्या, सातेरी आल्या, त्यांच्या मागे गांधीलमाशा आल्या, घरातल्या माशा आल्या, मुंगळ्यांच्या रांगा लागल्या. माशा खायला राघू आले, मुंगळे खायला सरडे आले. आमचे हे मोटार चालू करायला गेले आणि पळत परत आले.

"सिंधे, स्टार्टरच्या पेटीवर माशा बसल्यात! आज पानी न्हाई द्यायचं."

"बसू द्या. पोरीचं काम चाललंय."

"पोरीचं काम माशा मोजायचं हाय का माशांचं काम आपल्याला मोजायचं?"

आणि ती पोरगी! त्या सगळ्या घोंघाटात बसायची, टोपीला जाळी लावून, आणि एकेक मोजायची. एक आकडा अंदाजाने लिहायची नाही. माशा फुलावर कमी आणि पातीवर जास्त बसतात, हे तिच्या लगेच लक्षात आलं. खुंटीवर बसतात. दोरीवर बसतात. मोकळ्या दोरीवर मधमाशी काय करते? तिने दोरीला हात लावला. चिकट.

"मावशी, मावा पडलाय का इथे? ती कीड चिकट पाणी सोडते."

इथे मी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणाल, का नाही बोललीस? आता काय सांगू! खोटं बोलायला सुरुवात केली की तेही गुळासारखंच, बोटाला लागलं की दुसऱ्या बोटाला लागतंच.

मी म्हटलं, "असंल मावा. बारीक असतो. डोळ्याला न्हाई दिसत."

पोरीने पुढचे दोन दिवस भिंग घेऊन मावा शोधला हो! भर उन्हात गुडघ्यावर बसून, एकेक दांडा, एकेक पात. जो मावा शेतात नव्हताच, तो! मी बांधावरून बघत होते आणि माझे गुडघे दुखत होते.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ठिपका टाकला. ठिपका हिरवी रेघ ओलांडून वर गेला, आणखी वर गेला, आणि चित्राच्या बाहेरच गेला. मी आतून ताट घेऊन आले होते, पिठलं आणि गरम भाकरी. म्हटलं, आता पोरगी उडी मारणार.

पोरगी पांढरी पडली होती. फोन कानाला. तिचे सर असावेत.

"नाही सर, दोन्ही शेतांत. पाचही मॉडेलं इथे चुकतायत... नाही, मॉडेलांचं नाही, माझंच काहीतरी चुकलंय. माझी मोजायची पद्धतच. इथे चुकत असेल तर आधीच्या गावांतही चुकली असेल. हो सर... तिन्ही वर्षांचं पुन्हा तपासावं लागेल. हे गाव तर काढूनच टाकते."

फोन ठेवला. भाकरीकडे बघितलं नाही. रडली पण नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत बसली, जणू हातांनीच काहीतरी केलं आहे.

तिला वाटत होतं, तिचं चुकलं. तिचं! जिने एक माशी कधी दोनदा मोजली नाही तिचं!

मी आयुष्यात तलाठ्याला घाबरले नाही, सावकारी करणाऱ्या चुलत सासऱ्याला घाबरले नाही. त्या ताटापुढे मात्र घाबरले.

"गूळ हाय त्यो!" मी एकदम ओरडले.

"काय मावशी?"

"मावा-बिवा काही न्हाई. गूळ हाय. दोन ढेपा. राहात्याच्या बाजारातला. मी मारते रोज पहाटं. आन् पलीकडं शकी काकवी मारती."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचे हे खाटेवर बसले होते, ते पण बघत राहिले. मांजर पण बघायला लागलं.

"पण का?"

"का म्हंजे? तुझी हिरवी रेघ हारत हुती म्हनून! त्यो रडका मेला पुढं जात हुता!"

पोरीने एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि हळूच म्हणाली, "मावशी, हिरवी माझी नाही."

"मंग?"

"हिरवी परदेशातल्या लोकांनी केलेली आहे. माझी ती... करडी."

बायांनो, आता हसा. इथे हसायचं.

आमच्या ह्यांना तर जागच्या जागी ठसकाच लागला. "आन् रोज सकाळ-संध्याकाळ तू हिच्याच तोंडावर तिचा मुडदा बशिवत हुतीस!"

"तू बोलली का न्हाईस गं?" मी तिच्यावरच डाफरले. चोर तो चोर, वर ही ऐट.

"तुम्ही इतक्या मनापासून शिव्या देत होतात, मावशी. मी मध्ये कशी बोलू? आणि माझं मॉडेल जिंकावं असं थोडंच आहे? ते कुठे चुकतं हेच तर बघायला आले मी."

ऐकलं? स्वतःची रेघ कुठे चुकते ते शोधायला ही पोरगी तीन वर्षं उन्हात फिरली! आपण इथे भाकरी करपली तर तव्याला दोष देतो.

मला वाटलं होतं ती पिशवी भरेल आणि शिर्डीची वाट धरेल. तिने काय केलं? वही उघडली आणि डॉक्टरासारखं विचारायला लागली. कुठल्या तारखेपासून? पंपाला गूळ किती? किती वाजता? कुठल्या चौकोनावर आधी? मी सगळं सांगितलं. त्या दिवसांची पानं तिने फाडली नाहीत. प्रत्येक ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, गूळ. मग मला म्हणाली, चला शकूमावशींकडे.

शकू दारातच. "मी? काकवी? देवाशपथ न्हाई!" आणि तिच्या उंबऱ्यावरून मुंगळ्यांची रांग सरळ माजघरात चाललेली. अपर्णाने त्या रांगेकडे बघितलं, शकूकडे बघितलं, आणि वही पुढे धरली.

शकू म्हणाली, "लिहा. चार डबे."

परत येताना पोरगी थांबली. "मावशी, हे गुळाचं पाणी सगळेच मारतात?"

"माशी कमी झाली की मारतात."

"आणि पूर्वी मारायचे?"

"न्हाई. पूर्वी माशी हुती."

तिने ते तिथेच उभं राहून लिहून घेतलं. म्हणाली, "पाचही मॉडेलांत ऊन आहे, पाऊस आहे, बांध आहे. माशी कमी झाली की माणूस पहाटे उठून गूळ मारतो, हे एकातही नाही." मला त्यातलं फार कळलं नाही. पण माझ्या गाढवपणातूनही पोरीने कामाचं काहीतरी वेचून घेतलं, एवढं कळलं.

नशीब, आमच्या ह्यांनी एक तुकडा उशिरा लावला होता. तिथे फूल अजून उमलत होतं, आणि पलीकडे शकूचाही एक वाफा मागे होता. तिने चिकट झालेलं सगळं साध्या पाण्याने धुवून घेतलं, माशांची गर्दी ओसरायची वाट बघितली, नव्या ठिकाणी चौकोन आखले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. आठ दिवस. कुरकुर नाही, सुस्कारा नाही.

आणि राखणीला कोण? मी! हातात काठी. गूळ तर सोडाच, त्या आठ दिवसांत मी शेतात गोड काही जाऊ दिलं नाही. आमच्या ह्यांना बांधावर फिका चहा दिला.

"आता साखरेनं काय केलं?"

"गप प्या. माशी येईल."

शकूच्या हातात एकदा नुसती पांढरी बाटली दिसली. मी बांध ओलांडून गेले. तिने माझ्यासमोर झाकण उघडलं. खोबरेल तेल होतं. तेही मी बोटाला लावून चाटलं.

आठ दिवसांनी ठिपके पडले. माझ्या बाजूचा रडक्याच्या रेघेला लागून, अगदी थोडा वर. शकूच्या बाजूचा बराच खाली. मधला बांध एकच, पण माझ्या अंगाने रान आणि तिच्या अंगाने राख, त्याचा फरक त्या ठिपक्यांत दिसत होता. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत जे दिसत होतं, तेच खरं होतं. मी घरात झोपून राहिले असते तरी माझा बांध त्याचं काम करत होता.

मी करड्या रेघेकडे बघितलं. पुढे जाऊन ती कशी गडगडते ते आठवलं. पहिल्यांदा जरा भीती वाटली.

"पोरी, मंग हा रडका खरा म्हनायचा? तसंच व्हनार पुढं?"

"आजच्या दिवशी जवळ आला, एवढंच. पुढचं पक्कं कोणीच सांगत नाही, मावशी. पण त्याच्याच हिशोबात बांध राखले तर रेघ इतकी पडत नाही. हे बघा." आणि तिने त्याच करड्या रेघेची दुसरी बाजू दाखवली, तुटक तुटक काढलेली. ती पण उतरत होती, पण जिन्यावरून धरून धरून उतरणाऱ्या म्हातारीसारखी.

मागे शकू उभी होती. या वर्षी तिने बांध जाळला नाही. विचारलं तर म्हणाली, "काडेपेटी सापडली न्हाई." सापडली नाही! देव्हाऱ्यात दोन आहेत तिच्या.

आता शेवटचं. परवा अपर्णा आली होती, पेढे घेऊन. प्रबंध पुरा झाला. तो इंग्रजीत, आपल्याला काय कळणार? पण या पोरीने गावासाठी मराठीत चार पानांचं पुस्तक छापून आणलं होतं, मोठ्या अक्षरांत, चित्रांसकट. पहिल्याच पानावर आभार, त्यात माझं नाव. बांधावरच्या झाडांची नावं सांगितली म्हणून. मी ते पान गल्लीभर फिरवलं. शकूला दोनदा दाखवलं.

मग आमच्या ह्यांनी चष्मा लावला आणि ते आतलं चित्र बघायला लागले. पाच रेघा. त्यांच्या आसपास सगळ्या गावांचे ठिपके, नांदत असलेले. आणि पार वर, एकटाच, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा एक ठिपका. त्याच्याभोवती गोल.

"ह्यो कुनाचा वो?" मी विचारलं.

त्यांनी खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "सिंधूमावशींचे शेत, गुळाचे दिवस. ही नोंद कोणत्याही हिशोबात धरू नये."

आमचे हे कधी नव्हे ते उठले, पोरीपुढे हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तीस वर्षं झाली संसाराला. मला हे इतकं नीट कधी लिहिता आलं न्हाई."